निळ्या होडीचा तळ

अक्का, आज तुझ्या जागी मी उभा राहिलो.

देवनहळ्ळीच्या पुढचं आपलं तळं, तिथलं ते चिंचेचं झाड. दर रविवारी नवीन आलेल्या लोकांसमोर होड्या ओळीनं मांडून तू जिथं बोलायचीस, तिथंच. गिरीशचा फोन आला होता. म्हणाला, "सर, लोकांनी आधीच नावं दिलीत. वल्हं मारायला मी शिकवतो, पण ते पहिलं बोलणं मला जमायचं नाही. अक्कांच्या भावानं करावं." मी नाहीच म्हणणार होतो. तुझं तेरावं आत्ता झालं, घरात अजून सतरंज्या उचललेल्या नाहीत, आणि मी तिकडं जाऊन लोकांना कयाक म्हणजे काय ते सांगू? पण नाही म्हटलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकूच आलं. "तम्माला वाद घालायला येतंय, बोलायला येत नाही." पन्नाशी उलटली तरी धाकटा तो धाकटाच, तम्माच. गेलो.

रात्री बनशंकरीलाच राहिलो होतो, आईजवळ. सकाळी निघताना तिनं माझ्या हातात एक छोटी बाटली ठेवली. "ही बघ, अक्काच्या कपाटात सापडली. नखाला लावायचा रंग. आणि तो पण निळा. जन्मात कधी नखं रंगवली नाहीत हिनं, आता म्हातारपणी काय करायलीस म्हणून विचारलं असतं की मी. तुझ्या पोरीला दे." मला वाटलं, शेजारच्या कुणा मुलीची राहिली असेल. गाडीत गिअरच्या मागच्या खणात टाकली आणि विसरलो.

आई दारातच उभी होती. तुझ्याविषयी बोलायला तिला आता सगळी माणसं कमी पडतात. म्हणाली, "शेवटी शेवटी फार देवाचं करायला लागली होती रे. आठवड्यातनं दोनदा पहाटे उठून देवळात. तिथंच बसायची, ऊन वर आलं की घरी. प्रसाद मात्र कधी चुकला नाही तिचा." मी मान हलवली. मला थोडं वाईट वाटलं, खरं सांगतो. तू आणि देऊळ? देवीला जायचं तर गर्दी नसेल तेव्हा, आणि बाहेरूनच हात जोडून, असा तुझा खाक्या. वाटलं, आजारानं आमच्या अक्कालाही वाकवलं शेवटी. आणि मला ते कळलंसुद्धा नाही. माझं व्हाइटफील्ड ते तुमचं बनशंकरी एवढं अंतर म्हणजे या गावात परदेशच झाला.

तुझं ते भाषण मला पाठ आहे आणि त्यातलं निम्मं मला कधी पटलेलं नाही. मी विमानांच्या भागांचं काम करणारा माणूस. काचेचे धागे, कार्बनचे धागे, रेझिन, यात माझी हयात गेली. वजन कमी झालं की वस्तू सुधारली, हा माझा धर्म. तू बँकेतून निवृत्त झालेली बाई, पाण्यात पहिल्यांदा उतरलीस तीच पंचावन्नाव्या वर्षी, आणि लोकांना होड्यांविषयी सांगायला लागलीस. मी झाडामागं उभा राहून ऐकायचो आणि परत येताना गाडीत तुझ्या चुका काढायचो. तू खिडकीबाहेर बघत म्हणायचीस, "साकु, तम्मा. पुरे." आणि पुढच्या रविवारी परत तेच सगळं, एक अक्षर न बदलता.

आज मी तुझ्याच क्रमानं बोललो. पिवळीपासून.

ही पिवळी तू सगळ्यात आधी घेतलीस. आखूड, रुंद, प्लास्टिकची, वर बसायची. आत शिरायचं काही नाहीच. तू म्हणायचीस, "ही आपली घरची म्हैस. हळू चालते, पण लाथ मारत नाही." लाट आली तर पाणी वर येतं आणि बैठकीतल्या भोकांतून आपलं आपण खाली जातं. उलटली तर घाबरायचं नाही, पुन्हा चढून बसायचं. ती कशी करतात हेही तू सांगायचीस, साच्यात प्लास्टिकची पूड घालून साचा भट्टीत फिरवत ठेवतात. "कढईत तूप टाकून कढई फिरवल्यावर कसं सगळीकडं लागतं, तसं आतून चिकटत जातं. म्हणून कुठं सांधा नाही, आणि म्हणून दगडावर आपटली तरी फुटत नाही." हे मात्र बरोबर सांगायचीस.

मग तू तिच्या नाकाजवळचा तो खळगा दाखवायचीस. बंद्या रुपयाएवढा, कडेनं जरा तपकिरी. आज मी दाखवला तेव्हा सगळे वाकून बघायला लागले. मी त्यांना तो दसरा सांगितला. होडी अजून तळ्यावर नेली नव्हती, बनशंकरीच्या घरी पोर्चमध्ये होती. खंडेनवमीला सगळ्या गल्लीत गाड्यांना झेंडू आणि केळीचे खुंट बांधलेले, जिकडंतिकडं कोहळे फुटलेले. आई ताट घेऊन बाहेर आली. तुझ्या स्कूटरची पूजा झाली, माझ्या गाडीची झाली, मग ती पिवळीपाशी येऊन थांबली. "हिला चाकं नाहीत. लिंबू कुठं ठेवायचं?" तू म्हणालीस, "ठेवूच नको." आई म्हणाली, "वाहन आहे ना? मग?" आणि तिनं होडीच्या नाकावर विड्याचं पान ठेवलं, पानावर कापूर ठेवला आणि पेटवला. हात जोडून, डोळे मिटून उभी. मी ओरडेपर्यंत पान आक्रसून गेलं होतं आणि खालचं प्लास्टिक बुडबुडत होतं.

मला अजून तुझा चेहरा आठवतो. तुझी पहिली होडी, अजून पाणी न लागलेली. मी आईला बोलणार तेवढ्यात तू माझा दंड धरलास आणि आईला म्हणालीस, "सरी, असू दे. आता झाली ती आपली." आई आनंदानं आत गेली, तिला आजतागायत माहीत नाही की काही बिघडलं. मी तुला म्हटलं, तसलंच प्लास्टिक वितळवून भरून देतो, कळणारसुद्धा नाही. तू म्हणालीस, "नको. हे दाखवून शिकवीन मी." आणि खरंच शिकवलंस. प्लास्टिकला दगड चालतो, आग चालत नाही, हे आईच्या कापरानं जितकं लोकांच्या डोक्यात बसलं तितकं माझ्या शंभर आकृत्यांनी बसलं नसतं.

लाल होडीशी आलो तेव्हा माझा आवाज जरा नीट झाला. ही लांब, अरुंद, आत पाय घालून बसायची. तू म्हणायचीस, "ही घालायची असते, पँटसारखी." कमरेभोवती तो रबरी घागरा घट्ट बसवला की पाणी आत येत नाही. सरळ चालते, लांब जाता येतं, पण वळायला सांगितलं की आधी विचार करते. हीही प्लास्टिकचीच. उन्हाळ्यात तू ती गाडीच्या टपावर पट्ट्यांनी आवळून ठेवलीस आणि दोन दिवसांत पोटात पोचा आला. मी म्हटलं, संपली. तू पट्टे सोडलेस, होडी उलटी करून उन्हात ठेवलीस आणि संध्याकाळपर्यंत पोचा आपोआप निघाला. ते सांगून तू लोकांना म्हणायचीस, "प्लास्टिकचा राग उन्हात ठेवला की जातो. माझ्या भावाचा जात नाही." सगळे हसायचे आणि मी झाडामागं उभा. आज ते वाक्य मी स्वतःच म्हटलं. कुणी हसलं नाही, त्यांना वाटलं असेल की आज हसायचं नसतं.

हिरवी आखूड, दोन्ही टोकं वर वळलेली, ती खळाळत्या नदीची. तळ्यात ती बसल्याजागी गरगरा फिरते. तू मुद्दाम नवख्यांना तिच्यात बसवायचीस, म्हणजे "प्रत्येक पाण्याची होडी वेगळी" हे वेगळं सांगावं लागायचं नाही. हवा भरायची ती राखाडी, पिशवीत घडी होऊन मावणारी, ती फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची. वारा सुटला की ती कुणाचं ऐकत नाही. ह्या दोघी मी भराभर उरकल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, स्वल्प निदान, जरा दमानं.

लाकडीपाशी मात्र थांबावं लागलं.

ती आपण दोघांनी पोर्चमध्ये केली, त्या पावसाळ्यात. प्लायवुडच्या लांब पट्ट्या कापायच्या, कडेनं बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं पट्ट्या एकमेकींना शिवायच्या, मग सांध्यावर रेझिन आणि काचेच्या कापडाची पट्टी. मी तारा पिळायला बसलो, माझ्या तारा तुटायच्या. तू साडीला फॉल लावल्यासारखी बसलीस, चष्मा नाकावर, एकेक टाका. आई पायरीवर शेंगा सोलत म्हणाली, "होडी कसली, लाकडाची गोधडी शिवायलीस की." नाव तेच पडलं, गोधडी. दुपारभर तुझ्याशी न भांडता बसलो असेन तर ते तेवढंच. रेझिन वाळेपर्यंत आपण चहा घेऊन भिंतीला टेकून बसायचो आणि तू बाबांविषयी बोलायचीस, निपाणीविषयी बोलायचीस, मी जन्मायच्या आधीचं सगळं. ते सगळं तुझ्याच डोक्यात होतं, अक्का. मी काही विचारून ठेवलं नाही. वाटायचं, आहे की ही.

लोकांना मी सांगितलं की लाकूड हलकं असतं, सुंदर असतं आणि त्याचं करावं लागतं. वार्निश उडालं की पाणी आत जातं. दर वर्षी घासा, दर वर्षी लावा. तू म्हणायचीस, "हे घरात म्हातारं माणूस असल्यासारखं आहे. रोज विचारपूस पाहिजे." ते वाक्य मला आज म्हणता आलं नाही.

तिथंच एका मुलीनं मला अडवलं. पुण्याची, वर्षभरापूर्वी नोकरीसाठी व्हाइटफील्डला आलेली, मी मधूनच मराठीत काही पुटपुटलो ते तिनं ऐकलं होतं. "सर, हे सगळं ओके आहे, पण बेसिकली बेस्ट कुठली? म्हणजे मी घ्यायची झाली तर?"

हा प्रश्न दर रविवारी कुणीतरी विचारायचंच. आणि तुझं उत्तर ठरलेलं, "जिच्यात बसून तू पाण्यावर जाशील ती." मला त्या उत्तराचा मनस्वी राग. हे काय उत्तर झालं? हा तर पूजा सांगून झाल्यावर भटजींनी दिलेला आशीर्वाद झाला. वजन, कडकपणा, वेग, दुरुस्ती, सगळं मोजता येतं, आणि मोजलं की उत्तर एकच येतं. मी त्या मुलीला म्हटलं, "थांब. शेवटची दाखवतो, मग सांगतो."

शेवटची म्हणजे निळी. खालच्या फळीवर, ताडपत्रीखाली.

तिच्याविषयी आपण कधी नीट बोललोच नाही, अक्का. तुझं हृदय अशक्त झालंय असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांना एकच प्रश्न विचारला, होडी? ते म्हणाले, सपाट पाण्यावर थोडं वल्हवायला हरकत नाही, पण वजन उचलायचं नाही आणि एकटीनं जायचं नाही. मी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. पीण्या म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथं माझ्या मित्राचं वर्कशॉप आहे, त्याच्याकडं साचा होता. ऑफिस सांभाळून शनिवार-रविवार तिथं. साच्यात आधी रंगाचा थर, मग काचेचं कापड, रेझिन, पुन्हा कापड, बसायच्या जागी जास्त, टोकांना कमी. जिथं जिथं वजन काढता येईल तिथून काढलं. रंग तुझ्या त्या जुन्या इरकलीचा निळा, तो जुळवायला मित्राचं डोकं खाल्लं. मी आयुष्यात विमानांचे कितीतरी भाग केले, पण एवढं जीव लावून काही केलं नव्हतं.

तू तिचं एक टोक उचलून बघितलंस आणि खाली ठेवलंस. "किती हलकी रे. माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

"मला आता जड झेपत नाही म्हणून?"

मी म्हटलं, "हो, मग. तसंच आहे ना?" मी असा बोलतो. तुला माहीत आहे.

तू हात झटकलेस. "मग चौघं पण बघून ठेव, तम्मा. मला उचलायला. मी पण हलकीच आहे." आणि गिरीशला सांगून ती खालच्या फळीवर ठेवलीस, वर ताडपत्री. मी तिथंच उभा राहून, वेड्यासारखा, निगा कशी राखायची ते सांगत बसलो. खाली दगड आहेत, ओढायची नाही. दोघांनी उचलून पाण्यात ठेवायची, दोघांनी उचलून बाहेर काढायची. एक ओरखडा दिसला तर बघ. तू फक्त "बरं" म्हणालीस.

त्यानंतरच्या रविवारी तुझ्या भाषणात तिच्यासाठी एकच वाक्य आलं. "ती माझ्या भावानं केलीय, काचेची आहे, हात लावू नका, तो रागावतो." पुढंही तेच. मला वाटत राहिलं की मी तुला होडी नाही दिली, तुझं वय हातात दिलं, आणि तू ते परत केलंस. एकदा विचारीन म्हणायचो. मग त्या सकाळी आईचा फोन आला, अक्का उठेना. झोपेतच गेलीस. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. माझ्या हातात मात्र तो प्रश्न तसाच राहिला, रागावली होतीस की दुखावली होतीस, की दोन्ही.

तर आज मी ताडपत्रीला हात घातला आणि गिरीश म्हणाला, "ती राहू दे, सर. वेळ झाला. लोकांना पाण्यात उतरवू या."

मी म्हटलं, "एक मिनिट. तळ दाखवतो त्यांना. फायबरचं खरं काम तळाशी दिसतं." आम्ही दोघांनी ती बाहेर काढली, गवतावर ठेवली आणि पालथी केली.

मी बोलतच होतो. बघा, किती कडक, दाबली तर दबत नाही, म्हणून पाण्यातून चिरत जाते. फुटली तर कापड आणि रेझिन लावून पहिल्यासारखी करता येते. एकच गोष्ट हिला सोसत नाही. तो खरखरीत दगड. ओढायची नाही. रंगाच्या थरावर लगेच पांढरे ओर...

तळाच्या मागच्या टोकाला, मधल्या कण्यावर, ओरखडे होते. एक-दोन नाहीत. वीतभर लांबीचे, एकमेकांवरून गेलेले, कितीतरी. पुढचं टोक धरून होडी दगडांवरून ओढत नेली की मागचं टोक जिथं घासतं, बरोबर तिथं. आणि ते पांढरे नव्हते. प्रत्येक ओरखड्यावर निळा रंग फिरवलेला होता. बारीक ब्रशनं, हळूहळू, फॉलच्या टाक्यांसारखं. पण निळा चुकलेला. होडी इरकलीची, आणि हा शाईच्या पेनातला, चमकणारा.

मला ती बाटली आठवली.

अक्का, मी काय बोलत होतो ते विसरलो. सगळे माझ्याकडं बघत होते. मी गिरीशकडं बघितलं. तो खाली बघत म्हणाला, "हेळबेडा अंद्रु अक्का." सांगू नको म्हणाल्या.

मग त्यानं सांगितलं. एका पहाटे तो कुंपणाची जाळी दुरुस्त करायला लवकर आला, तर तळ्याच्या मध्यावर निळी होडी. तू. एकटी. काठाला कॅब उभी, ड्रायव्हर झोपलेला. तू परत आलीस तेव्हा त्यानं होडी उचलायला हात लावला आणि तुला विचारलं, जाताना कशी आणलीत पाण्यापर्यंत? तू म्हणालीस, ओढली. ही पण झेपत नाही रे उचलायला. आणि त्याच्याकडून वचन घेतलंस. "तम्माला सांगू नको. ओरखडे बघितले तर खाऊन टाकेल मला."

आठवड्यातून दोनदा, पहाटे. आईचं देऊळ. वाटेत कुठूनतरी घेतलेला प्रसाद.

मला तिथं लोकांसमोर रडू आलं, ते मी लपवलं नाही. पुण्याच्या त्या मुलीनं पाण्याची बाटली पुढं केली. मग तिनं काय करावं ते न सुचून हळूच विचारलं, "सर, हे रिपेअर होतं का?" मी म्हटलं, होतं. सोपं आहे. घासायचं, त्याच रंगाचा थर भरायचा, पॉलिश करायचं. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्याकडं तुझ्या रंगाचा डबा अजून शिल्लक आहे. आणि तिचा पहिला प्रश्न राहिला होता, बेस्ट कुठली. उत्तर गिरीशनंच दिलं, त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत, तुझंच. "ज्यात बसून जातो ना मॅडम, ते." मी वाद घातला नाही.

तो सगळ्यांना घेऊन पाण्याकडं गेला. मी निळीजवळ बसलो. बोटानं एकेक ओरखडा चाचपला. तुला काय सांगू, मला राग आला होता. एकटीनं जायचं नाही म्हणाले होते डॉक्टर. ओढायची नाही म्हणालो होतो मी. त्या ओढण्यानं तुझ्या हृदयाचं काय झालं असेल, हे डॉक्टरांना विचारावं असं मनात आलं. विचारणार नाही. कारण मग मला हेही आठवतं की गिरीश म्हणाला, मध्यावर तू वल्हं आडवं ठेवून नुसती बसली होतीस, तोंड उगवतीकडं करून, आणि त्यानं हाक मारली तर तू ऐकू न आल्यासारखं केलंस. माझ्या होडीत बसली होतीस. मी केलेल्या. रागावली नव्हतीस मग. किंवा रागावून बसली होतीस, पण बसली होतीस ना.

आणि मला कळेना की हसू का रडू, साठीची बाई दुकानात जाऊन निळं नखपॉलिश मागते, आणि दुकानदार दहा बाटल्या काढून दाखवतो, आणि ती त्यातली नेमकी चुकीची उचलते. काचेच्या होडीला. माझ्या भीतीनं. आईच्या कापराचा खळगा तू मिरवलास आणि तुझे ओरखडे झाकलेस.

आईला देवळाचं सांगणार नाही. तुझ्या भक्तीवर ती आता जगतेय.

नीट बघितलं तेव्हा दिसलं, अगदी टोकाशी एक ओरखडा पांढराच होता. ताजा. त्याला रंग लावायला तुला सवड मिळाली नाही. म्हणजे तो शेवटचा.

मी गाडीकडं गेलो आणि खणातून बाटली काढली. झाकण घट्ट बसलं होतं. ब्रश एवढासा, माझी बोटं जाडी. रंग भरायची ही पद्धत अतिशय चुकीची आहे, अक्का, तो टिकत नाही, जुळत तर नाहीच. मी वाकून तो ओरखडा भरला, तुझ्यासारखाच, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग वाळेपर्यंत बसून राहिलो. घरचा डबा घरीच राहू दे.

वाळल्यावर गिरीशला हाक मारली. पुढचं टोक त्यानं धरलं, मागचं मी. उचलली तर अगदी सहज आली, दोघांना ती काहीच नाही. दगडांवरून तशीच उचलून नेली आणि पाण्यात ठेवली, तळ कुठं टेकू दिला नाही.

फोन करायचास गं. मी ओरडलो असतो, ओरखडे बघून नक्की ओरडलो असतो. पण व्हाइटफील्डहून पहाटे निघून दुसरं टोक धरायला आलो असतो.